करंगळी आणि गोवर्धन

सायकल हे पायांचे वाहन आहे, असे आपण सगळेच धरून चालतो. चालवायची पायांनी, गोळे यायचे पोटऱ्यांना, आणि चढावर उतरून ढकलायची वेळ आली तरी पुन्हा राबायचे पायांनीच. पायांच्या खालोखाल मान बैठकीला. सायकलच्या सीटने मनुष्यजातीला जे भोगायला लावले, त्यावर विनोदी लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांनी पोट भरले. हातांचे मात्र कुणी नाव घेत नाही. हात काय, हँडल धरतात! एवढ्यावर त्यांची बोळवण. घरात एखादी आत्या असते; सकाळपासून रात्रीपर्यंत राबते, पण 'तुमच्याकडे कोण कोण असतं?' या प्रश्नाच्या उत्तरात तिचे नाव शेवटी, आणि तेही कुणी आठवण केली तर. सायकलवर हातांचे तसे आहे.

वास्तविक सायकलवर बसलेला माणूस तीन ठिकाणी टेकलेला असतो. बूड सीटवर, पाय पायडलवर आणि हात हँडलवर. सत्तर-पाऊणशे किलोचा ऐवज या तिघांनी आपापसात वाटून घ्यायचा. वाटणी नीट झाली तर तिघेही गप्प. बिनसली तर ज्याच्या गळ्यात जास्त पडते तो पहिला कुरकुरतो, हे भावाभावांच्या वाटणीसारखेच आहे. आता बूड कुरकुरले तर तत्काळ कळते. पाय कुरकुरले तर माणूस थांबतो, चहा घेतो. हात कुरकुरत नाहीत. त्यांना मुंग्या येतात. त्याही सबंध हाताला नव्हे. करंगळीला, आणि तिच्या शेजारी राहणाऱ्या, जिला आपल्या पूर्वजांना धड नावसुद्धा सुचले नाही त्या अनामिकेला. श्रीकृष्णाने करंगळीवर गोवर्धन तोलला, तोही सात दिवस. आपण तेच करायला जातो आणि खड्ड्यांतून जातो. पण गोवर्धनाला गोपांनी खालून काठ्या लावल्या होत्या, हे आपण सोयीस्कर विसरतो. सायकलचा दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या काठ्या कुणी लावल्या आणि कुणी काढून घेतल्या याचा इतिहास आहे, असे माझे अलीकडे मत झाले आहे.

पहिली काठी अगदी पहिल्याच माणसाने लावली होती. जर्मनीतल्या बाडेन संस्थानात कार्ल फोन ड्राइस नावाचे एक सरदार होते. हुद्दा वनखात्यातला, ओढा यंत्रांकडे. १२ जून १८१७ रोजी ते मानहाइम शहरातून एका लाकडी दुचाकीवर बसून निघाले आणि तासाभराच्या आत सुमारे १३ किलोमीटरची फेरी मारून परत आले. या दुचाकीला पायडल नव्हते, साखळी नव्हती. मध्ये बसायचे आणि दोन्ही पायांनी जमीन मागे लोटत पळायचे. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्यामुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात आलाच नाही, ओट महागले, घोडे पोसणे परवडेना, आणि म्हणून ड्राइसना ही युक्ती सुचली, अशी एक उपपत्ती आहे. काही इतिहासकार ती मानतात, काही मानत नाहीत. घोडा महागला म्हणून माणसाने स्वतःच घोडा व्हायचे, ही कल्पना मध्यमवर्गीय मनाला मात्र ताबडतोब पटते.

या यंत्राची चित्रे पाहताना सगळ्यांचे लक्ष चाकांकडे जाते. माझे गेले ते बसणाऱ्याच्या छातीपुढच्या एका आडव्या फळीकडे. ही फळी गादी लावून मऊ केलेली होती आणि तिच्यावर दोन्ही हात कोपरापासून पुढे टेकायचे होते. चाक वळवायचा दांडा वेगळा. तो बोटांनी नुसता धरायचा. म्हणजे भार पेलायचे काम कोपराकडच्या बाजूला आणि दिशा दाखवायचे काम बोटांकडे. पुढे १८१९ च्या सुमारास लंडनच्या डेनिस जॉन्सनने या यंत्राची सुधारलेली आवृत्ती काढली, तिच्यावरही ही हात टेकायची गादी होती. वनखात्यातल्या माणसाला हे कसे सुचले कोण जाणे! कदाचित टेबलावर कोपरे टेकून बसायची सवय कोणत्याही सरकारी खात्यात उपयोगी पडत असावी. ड्राइसांचे पुढे फार हाल झाले. १८४९ च्या क्रांतीत त्यांनी सरदारकी सोडली, क्रांती फसल्यावर पेन्शन गेले, आणि १८५१ साली ते दारिद्र्यात वारले. त्यांची गादी त्यांच्याआधीच गेली होती. दुचाकीची ती लाट दोन-तीन वर्षांत ओसरली आणि तिच्याबरोबर हाताखालची फळीही लोक विसरले.

१८६० नंतर पॅरिसमध्ये कुणीतरी पुढच्या चाकाला पायडल लावले. पिएर मिशोने लावले की पिएर लालमाँने, हे भांडण अजून मिटलेले नाही. दोघांचेही पहिले नाव एकच असल्यामुळे ते मिटवायला आणखी अवघड जाते. लालमाँने १८६६ साली अमेरिकेत पेटंट घेतले, मिशोने कारखाना काढला. या गाडीला इंग्रजांनी जे नाव ठेवले त्याचा सरळ अर्थ 'हाडे खिळखिळी करणारी' असा होतो. चाके लाकडी, त्यांवर लोखंडी धाव, रस्ता दगडी. आणि हातांना किती कामे असावीत? पायडल पुढच्याच चाकाला, त्यामुळे उजवा पाय दाबला की चाक एकीकडे वळू पाहायचे आणि डावा दाबला की दुसरीकडे. ते दर फेऱ्याला हातांनी ओढून सरळ ठेवायचे. त्याच हातांनी दिशा बदलायची. रस्त्यावरचा प्रत्येक दगड त्याच हातांना स्वतःची ओळख करून द्यायचा. आणि थांबायचे म्हटले की हँडल मुठीत धरून पिळायचे, म्हणजे त्याला गुंडाळलेली दोरी ताणली जाऊन मागचा ब्रेक लागे. ओले धोतर पिळावे तसे हँडल पिळत लोक थांबत होते. अशा जातीच्या गाड्यांवर ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रूआँ अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली आणि जेम्स मूर नावाचा इंग्रज ती जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याला चहाचा कप धरता आला का, हे लिहून ठेवायची बुद्धी कुणाला झाली नाही. इतिहासकारांचे हे असेच असते.

त्यानंतरची ती पुढे उंटाएवढे आणि मागे बशीएवढे चाक असलेली सायकल आपण चित्रात पाहिलेली आहे. तिच्यावर हातांना फारसा भार नव्हता, कारण माणूस जवळजवळ चाकाच्या डोक्यावरच ताठ बसलेला असे. भार एकदमच यायचा. दगड लागून गाडी थांबली की स्वार हँडलवरून पुढे, डोके खाली. हँडल मांड्यांच्या आड येई, म्हणून पडताना पायही सुटत नसत. यावर उपाय म्हणून हँडल मांड्यांच्या मागून फिरवून आणायची टूम निघाली, म्हणजे पडायचेच झाले तर उभ्याने पडता यावे! सुरक्षिततेची ही कल्पना मला फार आवडते. अपघात टळणार नाही हे गृहीत धरून फक्त तो सभ्यपणे व्हावा एवढीच अपेक्षा.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या आकाराची चाके, मागच्या चाकाला साखळी, अशी 'रोव्हर' काढली आणि आजची सायकल जन्माला आली. हातांच्या दृष्टीने मात्र खरा अवतारी पुरुष पुढेच होता आणि तो होता जनावरांचा डॉक्टर. जॉन बॉइड डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, प्रॅक्टिस बेलफास्टला. त्यांच्या मुलाची तीनचाकी बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर ठेचकाळत चाले. डॉक्टरांनी रबराची नळी करून, तिच्यात हवा भरून, वर कापड गुंडाळून ती चाकाला बसवली आणि १८८८ साली पेटंट घेतले. हवेच्या टायरचे पेटंट त्याआधी १८४५ सालीच रॉबर्ट टॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश गृहस्थाने घेतले होते, पण तेव्हा सायकलीच नव्हत्या; लग्नाआधीच पाळणा विकत घेऊन ठेवल्यासारखे झाले. डनलॉप वेळेवर आले. सत्तर वर्षे हातांना बसणारे हिसके हवेने गिळले.

आता कुणालाही वाटेल की हातांचे भोग इथे संपले. गंमत अशी की ते इथे सुरू झाले.

रस्ता मऊ झाला म्हटल्यावर माणसाला वेग हवासा वाटू लागला. वेग आला तसा समोरचा वारा आडवा आला. वाऱ्याला चुकवायचे तर वाकायला हवे, म्हणून हँडल खाली गेले, पुढे गेले, मेंढ्याच्या शिंगांसारखे वळले. १८९० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेत अशा ओणव्या स्वारांचे पेव फुटले. डॉक्टर मंडळी हादरली आणि त्यांनी 'सायकलस्वाराचे कुबड' या अर्थाचे भारदस्त लॅटिन नावही तयार केले. सगळ्यांनी पाठीची काळजी केली. वाकलेल्या माणसाचे वरचे अर्धे अंग कुठे टेकले आहे, इकडे कोण बघतो!

बघितले ते फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या एका डॉक्टरने. एतियेन देस्तो हे मनगटाच्या हाडांचे मोठे जाणकार. क्ष-किरणांचा शोध लागल्याची बातमी येताच लियाँमध्ये ते यंत्र पहिल्याप्रथम वापरणाऱ्यांत त्यांची गणना होते. १८९६ साली त्यांनी सायकल चालवल्यामुळे हाताच्या नसेला येणाऱ्या लकव्यावर लेख लिहिला. लकवा! आपण ज्याला 'थोड्या मुंग्या आल्यात, हात झटकले की जातात' म्हणतो, त्याच रस्त्याच्या टोकाला हे गाव आहे. त्याच १८९६ साली, पॅरिस ते रूबे ही दगडी रस्त्यांवरून जाणारी शर्यत फ्रेंचांनी सुरू केली आणि ती आजतागायत चालू आहे. डॉक्टरांचा सल्ला मनावर घेणारा समाज जगात कुठेच नसावा.

देस्तोंना जी नस सापडली तिची आणि आपली ओळख लहानपणापासूनची आहे. कोपर टेबलाच्या कडेला आपटला की जी झिणझिणी थेट करंगळीपर्यंत जाते आणि माणूस हसावे की रडावे या विचारात पडतो, ती हीच. तिला अल्नर म्हणतात. कोपरापाशी ती हाडाला लागून उघड्यावर असते, म्हणून तिथे तिला कोपरखळी बसते. मग ती हातातून खाली उतरते आणि मनगटापाशी, करंगळीच्या बाजूच्या तळव्यात, एका अरुंद बोळातून आत शिरते. बोळाच्या एका बाजूला वाटाण्याएवढे हाड. लॅटिनमध्येही त्याला वाटाण्यासारखे असेच म्हणतात. दुसऱ्या बाजूला आकड्यासारखे वळलेले हाड. मधून नस आणि तिच्या सोबतीला एक रक्तवाहिनी. या बोळाचे वर्णन १८६१ साली फेलिक्स गियाँ नावाच्या तिशीतल्या फ्रेंच डॉक्टरने केले. पुढे ते मूत्रविकारांचे जगप्रसिद्ध तज्ज्ञ झाले. पण बोळाला नाव पडले ते पडलेच. पुण्यात जसे बोळ राहतात आणि ज्यांच्या नावाने ते ओळखले जातात त्यांचा धंदा काय होता हे कुणाला ठाऊक नसते, तसेच.

अंगठ्याच्या बाजूला जाणारी जी दुसरी नस आहे, तिच्यावर तळव्यात एक जाड पट्टा असतो. गियाँच्या बोळावर तसे भक्कम छप्पर नाही. आणि सायकलचे हँडल नेमके तिथेच टेकते! शिवाय मनगट मागे मोडले की बोळ आणखी चेंगरतो. वरून धड दाबते आहे, खालून रस्ता ठोकतो आहे, आणि मध्ये वाटाण्याच्या हाडापाशी अडकलेली नस. तिने मुंग्या पाठवल्या नाहीत तर काय फुले पाठवावीत? याच नसेच्या हुकमतीत बोटे फाकवणारे, जवळ आणणारे बारीक स्नायू असतात. दाब खोलवरच्या फाट्यावर आला तर कधी कधी मुंग्या येतच नाहीत. नुसती ताकद जाते. शर्टाचे बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, आणि माणूस वयाला दोष देतो.

आपल्याकडे हे दुखणे फारसे कुणी ऐकले नव्हते, याचे श्रेय आपल्या काळ्या, बोजड, बावीस इंची सायकलीला आहे. ती सायकल इंग्रजांच्या रस्त्यावरच्या साध्या सायकलीची आवृत्ती. हँडल सीटपेक्षा उंच आणि बसणाऱ्याकडे वळलेले. देवघरात पाटावर बसावे तसा माणूस ताठ. सगळा भार स्प्रिंगांच्या चामडी सीटवर आणि हात नुसते ठेवलेले. पुण्यातले प्राध्यापक अशा सायकलीवरून जाताना एका हाताने हँडल धरत आणि दुसऱ्या हाताने मुद्दा पटवून देत. दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकावून, उजवा हात सोडून, हिशेबाची वही काढी. पोरे दांडीखालून पाय घालून चालवत, तेव्हा एक हात हँडलवर आणि दुसरा सीटला मिठी मारलेला. हातांची तक्रार असलीच तर ती मुठींच्या रबराची; उन्हाळ्यात ते वितळून तळव्याला काळे फासत असे. झिरमिळ्या लावलेल्या मुठी मिळत, त्या शोभेच्या. गादीवाल्या मुठी मागितल्या असत्या तर दुकानदाराने उशीही देऊ केली असती.

याच मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला आणि सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल मारून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईत परतले. वाळवंटे, जंगले, बर्फ, सगळे झाले. हे सगळे बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद. म्हणजे सायकलवर बसण्यापूर्वी हात कसे तयार करावेत याचा विचार त्यांनी तरी केला होता, असे म्हणायला हरकत नाही.

मग आपल्याकडेही पुढे वाकायचे दिवस आले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे 'घाटाचे राजे' पूर्वीपासून वाकतच होते. पण ते राजे, आपण प्रजा. आता प्रजेनेही मेंढ्याच्या शिंगांची गिअरवाली सायकल घेतली आहे. आमच्या भाच्याने घेतली. वय बेचाळीस, बँकेत नोकरी, आणि संध्याकाळी तबला. तबला हा त्याचा जीव की प्राण. दर रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचा. तीन महिन्यांनी एकदा आला तो गप्प गप्प.

"काय रे, बरं नाही का?"

"मामा, तिरकिट वाजत नाहीये."

तबल्याची ओळख नसलेल्यांसाठी सांगतो. तिरकिटात मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांनी एकजुटीने पडायचे असते. त्याची करंगळी वेगळीच राहत होती, एकत्र कुटुंबातून फुटून निघालेल्या धाकट्या भावासारखी. बायकोला त्याने सांगितलेच नव्हते, कारण सायकलची किंमतही तिला निम्मीच सांगितली होती.

डॉक्टरांनी त्याला वर्तमानपत्राचा कागद दिला आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत सरळ धरायला सांगितले. दुसरे टोक स्वतः ओढले. भाच्याचा अंगठा पेरातून मोडला, तरी कागद निसटला. जूल फ्रोमाँ नावाच्या आणखी एका लियाँकर डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या सुमारास, ही खूण सांगितली, आणि तेव्हाही ती वर्तमानपत्रावरच घेत. ही नस दुबळी झाली की अंगठा सरळ दाबता येत नाही. माणूस पेर वाकवून वेळ मारून नेतो. सकाळी आमच्या घरी वर्तमानपत्रावरून जी ओढाताण होते तिला वैद्यकीय महत्त्व आहे, हे मला त्या दिवशी समजले. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. काही आठवडे सायकल बंद. नस सुधारेल, पण तिला घाई चालत नाही. आणि सायकल मात्र कुणाला तरी दाखवा."

दाखवली आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्याला. त्याने सायकलकडे न बघता भाच्याकडे बघितले. म्हणाला, "बसा बघू, साहेब." भाचा भिंतीला धरून बसला. सायकलवाल्याने त्याला उतरवले आणि खिशातून एक काचेची गोटी काढून सीटवर ठेवली. गोटी घरंगळत हँडलकडे गेली.

"ही गोटी म्हणजे तुम्ही," तो म्हणाला. "सीटचं नाक खाली पडलंय. तुम्ही घसरणार पुढं, आणि अडवणार कोण? हात."

मग त्याने जे केले ते मी मन लावून पाहिले, कारण देस्तोंच्या लेखानंतर सव्वाशे वर्षांचे सगळे शहाणपण त्या पान्यात होते. सीट सपाट केली. हँडल वॉशर घालून दोन बोटे उचलले. हँडलची पुढची मान लांब होती ती काढून आखूड बसवली, म्हणजे हँडल गाठायला अंग पसरावे लागू नये. टायर टणक फुगवलेले होते, त्यांतली थोडी हवा सोडली. हँडलवर एकावर एक दोन पट्ट्या गुंडाळल्या. रूबेच्या दगडी शर्यतीतले स्वारही दुहेरी पट्टी लावतात. भाच्याने जेलचे जाडजूड हातमोजे विकत घेतले होते. ते सायकलवाल्याने हातात घेऊन दाबून पाहिले आणि परत दिले. "एवढं जाड घातलं की हँडल फुगतं, मग मूठ आणखी आवळता. पातळ गादीचे घ्या. आणि मोज्यानं काय होतंय? भार तिथं आहे तोवर मोजा म्हणजे छत्री घेऊन नदीत उभं राहणं."

शेवटी त्याने भाच्याला पुन्हा बसवले आणि दोन्ही कोपरांवर खालून टिचकी मारली. "हे कुलूप उघडं ठेवा. ताठ कोपर म्हणजे खड्डा सरळ मनगटात. मनगट मोडायचं नाही, हात आणि पंजा एका रेषेत. हात दर पाच-दहा मिनिटांनी जागा बदलू द्या, वर, बाजूला, खाली. हँडलला एवढी वळणं कशाला दिलीयेत? आणि अंग पोटानं-पाठीनं उचलून धरा. हात उचलून टाळी वाजवता आली नाही, तर समजा तुम्ही हातावर पडलाय."

टाळी वाजवण्याच्या नादात भाचा भिंतीवर गेला, तो भाग सोडून देऊ. पण गोपांच्या काठ्या म्हणजे काय ते मला स्वच्छ दिसले: पोट, पाठ, सपाट सीट, मोडती कोपरे. मराठीत 'हात टेकणे' याचा अर्थ हार पत्करणे असा का होतो, हेही त्याच दुकानात समजले. तिरकिट दहा आठवड्यांनी परत आले. पहिल्या दिवशी आले ते जरा बोबडे होते. ताईने शेजारपाजारी पेढे वाटले.

हे दुखणे काही हौशी माणसांपुरते नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०० किलोमीटरच्या फेरीला निघालेल्या २५ सायकलस्वारांचे हात आधी आणि नंतर तपासले होते. २३ जणांना मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा यांतले काही ना काही झाले. मुरलेल्या माणसांचीही यातून सुटका नव्हती. उरलेल्या दोघांचा मला हेवा वाटतो; त्यांची आडनावे मराठी असती तर आपण त्यांचे सत्कार केले असते.

आता ड्राइसांच्या फळीकडे एकदा जायला हवे, कारण १७२ वर्षांनी ती परत आली. २३ जुलै १९८९. तूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटर, प्रत्येकाने एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायचे. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड मागे. याच लेमाँडला दोन वर्षांपूर्वी शिकारीत चुकून बंदुकीचे छर्रे लागले होते आणि तो वाचला हेच पुष्कळ होते. लेमाँडने हँडलवर आणखी एक हँडल बसवले होते. त्यावर गादीचे दोन तुकडे, आणि त्यांवर दोन्ही हात कोपराकडून टेकलेले. पंजे नुसते पुढे धरलेले. फिन्याँ साध्या हँडलवर. लेमाँडने त्या दिवशी ५८ सेकंद खेचून घेतले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. ती गादी वारा चुकवण्यासाठी होती, हाताला आराम म्हणून नव्हे, हे खरे आहे. पण छायाचित्र पाहा आणि १८१७ चे चित्र शेजारी ठेवा. वनखात्यातला तो सरदार आणि हा अमेरिकन, दोघेही टेबलावर कोपरे टेकून फाइल वाचल्यासारखे बसले आहेत.

इतर स्वारांनी मग हे जोडहँडल नसतानाही साध्याच हँडलवर हात आडवे टेकून पळायला सुरुवात केली. ते धोक्याचे, कारण ब्रेक बोटांपासून लांब राहतात. म्हणून आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने रस्त्यावरच्या सर्वसाधारण शर्यतींत हँडलवर असे हात टेकायला बंदी केली. ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली, आणि तारीख तशी असली तरी नियम खरा आहे. त्याच फेऱ्यात सीट सोडून दांडीवर बसायलाही बंदी आली. म्हणजे आज ड्राइससाहेब आपली लाकडी गाडी घेऊन शर्यतीला उभे राहिले, तर पहिल्याच किलोमीटरला पंच त्यांना बाजूला घेतील. आणि आपल्यापैकी जे लहानपणी वडिलांच्या सायकलच्या दांडीवर, खाली टॉवेलची घडी घालून, मारुतीच्या देवळापर्यंत गेलेले आहेत, ते तर जन्मजात बाद!